रिकामी गाडी

विद्येला वजन नसतं, ती कुठेही सहज नेता येते, असं आम्हांला शाळेत फार गांभीर्याने सांगितलं जायचं.

ओरोसला स्कूटरची परीक्षा द्यायला गेलो, तेव्हा रांगेत माझ्यापुढे देवबागची एक मासेवाली होती. दोन वर्षं ती मागे माशांचा डबा बांधून लायसनशिवाय गावोगाव फिरत होती. आता पोलिसाने दम दिला होता, पुन्हा सापडलीस तर गाडी जमा. आणि परीक्षेत आठाच्या आकड्यावर पाय टेकून ती दोनदा नापास झाली होती.

आज मात्र तिने गाडीवर डबा बांधून आणला होता.

"यात मासे आहेत?" परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"आज सोमवार. मासे कोण खातलो? चिरे आसत."

"घर बांधूक इलंस काय गो?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. ती हसली नाही.

"साहेब, माका भरलेली गाडी येता. रिकामी येना नाय."

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. चिऱ्यांविषयी त्यात काही नव्हतं.

ती निघाली. पहिल्याच वळणावर डबा कलला. तिचा पाय गाडीवरून सुटला, जमिनीपासून वीतभर अंतरावर थांबला आणि परत वर गेला. दुसरं वळण तिने बाजारात शिरावं तसं घेतलं.

"आता चिरे इथेच टाका की," ती पास झाल्यावर मी म्हणालो.

"आनि घराक कशी जाव?"

ती चिऱ्यांसकट देवबागला गेली.