रायोजी अण्णाचा उरलेला डोळा

हसण्याचे किस्से चारचौघांत सांगून संपतात. भीतीचे संपत नाहीत, साठत जातात. आमच्या पेंटबॉल ग्राउंडवर तर इतके साठलेत की रोज एक सांगितला तरी माझ्या छातीतली धडधड काही थांबायची नाही!

ग्राउंड म्हणजे गावाबाहेर ओरत्तनाडु रोडवरची नारळाची बाग. मालक माझा मावसभाऊ तुळजाजी. मी रेफरी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रंगभरल्या गोळ्या खाणारा. कॉलेजची पोरं कुरकुरली, "ट्रिगर ओढून बोटं दुखतात." झालं! तुळजाजीनं सगळ्या बंदुकांना इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बसवायचं ठरवलं. आत बॅटरी, सर्किट बोर्ड आणि एवढासा स्विच. नुसतं नख लागलं तरी गोळी सुटते.

बसवणार कोण? टीव्ही दुरुस्त करणारा रायोजी अण्णा. कामात पक्का, पण त्याचा उजवा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. उरला डावा. आणि हा बाबा डोळे जपणारा मास्क घालेल तर शपथ!

"मास्कांत वाफ धरते. मग सोल्डरिंग काय नाकानं करूं?"

मी हात जोडले, ओरडलो, तुझ्या बायकोला सांगीन म्हणालो. पालथ्या घड्यावर पाणी.

*

पहिली टेस्ट. अण्णानं ट्रिगरला एकदाच बोट लावलं. पहिली गोळी निशाणाच्या डब्याला, दुसरी तुळजाजीच्या नव्या स्कूटरला, तिसरी माझ्या कानाजवळून!

"थांब, थांब!"

"मी केव्हांचाच थांबलोंय! ही थांबत नाहीं!"

स्विच एकदा दाबला तरी बोर्डाला तीनदा दाबल्यासारखा वाटत होता, हे अण्णाला नंतर उमगलं. तोवर मी नारळामागं बसून कुलदैवताचं नाव घेत होतो.

*

एका ऑफिसची टीम आली. मॅनेजर साहेब भित्रे. ट्रिगर हलका, त्यात बोट थरथरतंय. शिट्टी वाजायच्या आधीच सगळ्या गोळ्या खलास! त्यांचीच माणसं चिखलात आडवी.

साहेब मास्कातून किंचाळत होते, "अय्यो! कोण मारतंय? कोण मारतंय?"

चिखलातून एक बाई म्हणाल्या, "सार, तुम्हीच!"

तेव्हापासून ज्याचा हात कापतो त्याला आम्ही जुनी, जड ट्रिगरची बंदूक देतो.

*

तुळजाजीनं हौसेनं लाल गोळ्या आणल्या. एका आईनं मुलाला छातीवर लाल डाग घेऊन येताना पाहिलं आणि ती जागीच कोसळली. मुलगा ओरडतोय, "अम्मा, पेंट! नुसता पेंट!" मी तोंडावर पाणी मारलं तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या गोळ्या आल्या. पहिल्याच खेळानंतर एका आजोबांनी नातवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सरि, बरं झालं. हळद लागली. मुलगी कोणाची?"

*

आता त्या दुपारचं सांगतो.

तुळजाजीनं एक अडलेली बंदूक अण्णाच्या टेबलावर आणून ठेवली होती. गोळी उडवणारी हवेची बाटली काढलेली, म्हणून अण्णा निर्धास्त. पण बाटली काढली तरी आत एका गोळीपुरती हवा उरते, आणि बोर्ड चालू असल्याचा हिरवा दिवा मला दारातूनच दिसला. अण्णाचा अंगठा ट्रिगरवर. आत गोळी फुटलीय का, ते तो नळीला डावा डोळा लावून बघत होता!

ओरडावं तर अण्णा दचकणार, दचकला की अंगठा दाबला जाणार. धावावं तरी तेच. आयुष्यात मी इतका कधी भ्यालो नाही.

तेवढ्यात मागून त्याची बायको, यमुना अक्का, जेवणाचा डबा घेऊन आली. तिनंही पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज रोजचाच, अगदी सावकाश.

"अहो, सांबारांत मीठ जास्त झालं काय, जरा चाखून सांगा."

"आण," म्हणत अण्णानं बंदूक खाली घेतली, बाजूला वळवली, आणि फट्! बाजूची भिंत पिवळी.

अण्णा भिंतीकडं बघत राहिला. अक्कानं त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली, डबा उघडला, चमचा पुढं केला. त्यानं चाखलं.

"मीठ बरोबर आहे की गे."

"बरोबर आहे ना?" अक्का मटकन खाली बसली. "मग जेवा."