ब्रेकबाई आणि चौकात अडकलेले फादर

ब्रेकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि शिकणाऱ्याची चूक व्हायच्या आत हिचा पाय त्यावर पडलेला असायचा. म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. तिला ते मनातून आवडायचं, पण तसं कबूल केलं तर ती ब्रेकबाई कसली!

तोंडाचा पट्टा मात्र असा, की भलेभले घामाघूम व्हायचे. "आरसा काय भांग पाडायला लावलाय?" "तो ट्रक तुमचा जावई आहे का, एवढ्या अदबीने मागे सरकायला?" मग पंधरवड्यातून एकदा ती चर्चमध्ये जायची, जाळीपलीकडे बसलेल्या फादरांपुढे गुडघे टेकायची आणि तेच ते पाप सांगायची. "फादर, पुन्हा संतापले." फादर दर वेळी तितक्याच शांतपणे म्हणायचे, "मुली, ओरडण्याआधी एकदा त्या माणसाची भीती बघ." ती हो म्हणायची आणि सोमवारी पहिल्याच शिकवणीला माती खायची.

चर्च हमरस्त्यावरच होतं, एका बाजूला जिम, दुसऱ्या बाजूला मोबाइलचं दुकान. गावात कुणाचा देवाला विरोध नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान दखल घेतल्यासारखं तरी झालं असतं. रविवारी सकाळी गाव झोपलेलं असायचं आणि मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, पुढचे चार बाक कसेबसे भरायचे. ब्रेकबाईचा नवरा वायरमन. माणूस सोन्यासारखा, पण ज्याला हात लावल्यावर करंट बसतो तेवढंच खरं मानणारा. ती चर्चला निघाली की तो दारापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "देवाला माझा नमस्कार सांग. ओळख नाही आमची, पण सांग."

गावाबाहेर जुन्या गिरणीची वसाहत होती. तिथे ब्रेकबाईची आई एकटी राहायची. गुडघे पार कामातून गेलेले, पण समोरच गल्लीपलीकडे लहानसं चर्च, तेवढं अंतर ती काठी टेकत जायची. तिथले फादर वारले आणि मिस्सा बंद पडली. बिशपांनी स्पष्टच सांगितलं, गावातल्या फादरांनी गाडी शिकून वसाहत सांभाळली तर ठीक, नाहीतर वर्ष संपताच चर्चला कुलूप. रविवारचं ब्रेकबाईने निभावलं असतं, पण मरणाच्या दारातल्या आजाऱ्याला पवित्र तेल लावायला, मयताला, कधीही निघावं लागतं. दुसऱ्याच्या गाडीवर ते भागणार नव्हतं. आईने मुलीला फोनवर एवढंच विचारलं, "येतील ना गं ते?" ब्रेकबाई म्हणाली, "मी शिकवतेय म्हटल्यावर न येऊन जातील कुठे?"

आणि सत्तरी गाठलेले फादर दोनदा नापास झाले.

गिअर चुकत नव्हते, चढावर गाडी मागे येत नव्हती. घोडं अडायचं परीक्षेच्या ऑफिससमोरच्या मोठ्या चौकात. तिथल्या सर्कलला आले की फादर थांबायचे आणि हात हलवून सगळ्यांना पुढे सोडायचे. रिक्षा, टेम्पो, सायकलवाला, सगळे आधी. त्यांची स्वतःची पाळी आली तरी, "जाऊ दे बिचाऱ्याला." मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठायचा, तेव्हा आरशात बघून त्यांचीही माफी मागायचे. इन्स्पेक्टरने दोन्ही वेळा एकच शेरा मारला, वाहतुकीला अडथळा. वायरमन हसून हसून लोटपोट झाला. "सगळ्यांना क्षमा करणारा माणूस सर्कलमध्ये शिरणार कसा?"

तिसरी परीक्षा उद्यावर आली, वर्षही संपत आलं होतं, आणि ही शेवटची संधी होती. त्या दुपारी फादर पुन्हा त्याच सर्कलवर गाडी घेऊन थिजले. एक टेम्पो सोडला, मग एक बस, मग लांबून निवांत येणारी एक स्कूटर. ब्रेकबाईने तोंड उघडलं, आणि तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. स्टिअरिंगवर ते थरथरत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिने आलेला शब्द गिळला.

"फादर, गाडी बाजूला घ्या." त्यांनी घेतली. मग ब्रेकबाईने विचारलं, "कशाला भिता?"

गाडी बंद करत फादर म्हणाले, "दवाखान्यात जातो, तर विचारतात, कोणाचे नातेवाईक? शाळेत आता बोलावतच नाहीत. लोक वाईट वागत नाहीत गं, फक्त त्यांना घाई असते. मला वाटायला लागलं, आपण उगाच सगळ्यांच्या वाटेत येतोय. मग बाजूला व्हायची सवयच लागली. हल्ली वेदीपुढे उभा राहिलो तरी वाटतं, लवकर आटपावं, लोकांना त्रास नको."

त्यांनीच ब्रेकबाईचं लग्न लावलं होतं, वडील गेले तेव्हा रात्रभर उशाशी बसले होते. त्या माणसाला आपण नको आहोत असं वाटावं याचा तिला भयंकर राग आला, आणि या वेळचा राग पाप नव्हता याबद्दल तिला खात्री होती.

"तुम्हाला मी काय शिकवणार फादर," ती म्हणाली, "पण एक सांगते. या सर्कलवर तुम्ही ज्यांना ज्यांना पुढे सोडता ना, त्यातला एकही माझ्या आईकडे जात नाही. तिच्याकडे जाणारे तुम्ही एकटे आहात. दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा थांबा, शंभरदा थांबा. पण तुमची आली की निघायचं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

फादरांनी चष्मा काढून पुसला. "हे पापनिवेदन झालं की काय माझं?"

"झालं. आता प्रायश्चित्त. मी थांब म्हणेपर्यंत सर्कलला फेऱ्या मारायच्या."

पहिल्या फेरीला गाडी बंद पडली. दुसऱ्या फेरीला ते शिरले, पण डोळे मिटून घ्यायच्या बेतात होते, तेव्हा ब्रेकबाईने असं काही खडसावलं की पुढच्या पंधरवड्याच्या पापाची सोय झाली. ऊन उतरेपर्यंत दोघं फिरत होते.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर फादरांशेजारी बसला आणि ब्रेकबाई ऑफिसच्या फाटकापाशी उभी राहिली. तिच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी तो जमीन दाबत होता. वायरमनही आला होता. "इकडे एक काम होतं," असं म्हणाला, पण हत्यारांची पिशवी घरीच होती.

गाडी सर्कलला आली, थांबली. दोन रिक्षा गेल्या, त्यांचीच पाळी होती. मग रस्ता फादरांचा झाला. त्यांचा हात सवयीने वर उठला. ब्रेकबाईने श्वास रोखला. हात खाली आला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडी निघाली. तेवढ्यात एक व्हॅन आडवी घुसू लागली, तर फादरांनी, ज्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नव्हता त्यांनी, सणसणीत हॉर्न दिला! व्हॅन जागच्या जागी थबकली आणि फादर पूर्ण वळसा घालून ऐटीत बाहेर पडले.

ब्रेकबाई भर रस्त्यात ओरडली. वायरमन दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, लोक बघतायत."

"बघू देत की!"

इन्स्पेक्टर उतरला तो हसतच. "पास! आज एवढी घाई कुठली, आजोबा?"

"माझी माणसं वाट बघतायत," फादर म्हणाले. त्यात माफी कुठेच नव्हती.

त्या रविवारी फादरांनी स्वतः गाडी चालवत वसाहत गाठली. ब्रेकबाई शेजारी बसली होती आणि तिने चकार शब्द काढला नाही. वायरमन मागच्या सीटवर होता, चर्चमधले दिवे तपासायला हवेत म्हणे. आई न्हाऊन, ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून चर्चच्या पायरीवर बसून होती. तिच्यामागे गिरणीतले जुने कामगार, त्यांच्या सुना, नातवंडं, आणि बरेच असे की ज्यांचा चर्चशी संबंध नव्हता, पण म्हातारा गाडी घेऊन खरंच येतो का हे ज्यांना बघायचं होतं. बाक भरले, मग भिंतीलगतची जागाही भरली.

फादर वेदीपुढे आले, त्यांनी हात पसरले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "प्रभू तुम्हांबरोबर असो."

प्रार्थनेतलं ठरलेलं उत्तर आलं ते सगळ्या बाकांवरून एकदम, आणि सगळ्यांच्या आधी आईचं. ब्रेकबाईच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. ती सगळ्यांदेखत रडत होती आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती.