धडधाकट बोटाला पट्टी

गल्लीत सगळे त्यांना दातवाले म्हणत. डॉक्टर मापं पाठवत आणि दातवाले आपल्या लहानशा खोलीत, स्पिरिटच्या दिव्यावर मेण पातळ करून, त्यात एकेक दात बसवून कवळ्या तयार करत. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं. स्वतः मात्र हसण्याच्या बाबतीत पक्के चिक्कू. अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर कीबोर्ड शिकायची हुक्की आली, म्हणजे घरात भूकंपच व्हायचा. झाला नाही, कारण बायको त्यांच्या बाजूने उभी राहिली.

नाक मुरडलं ते मेहुण्याने. "ताई, भावोजी या वयात काय वाजवणार? नव्याचे नऊ दिवस. मग तूच धूळ पुसत बसशील."

"बघशील तू," ती म्हणाली. आणि नुसतं म्हणून थांबली नाही. खिडकीजवळची उजेडाची जागा तिच्या शिवणाच्या मशीनची होती. ते मशीन तिने स्वतः ओढत मोरीशेजारच्या बोळात नेलं आणि खिडकीत कीबोर्ड मांडला. तेव्हापासून सुईत दोरा ओवायला तिला उठून दारापर्यंत यावं लागे. कुरकुर एकदाही नाही.

दातवाल्यांनी शिकवणी धरली ती किराणा दुकानाच्या माडीवरच्या स्टुडिओत. बाई वयाने पोरसवदा, पण कडक. नवशिक्यांचा वर्ग एकच, आणि त्यात दातवाले सोडले तर सगळे दुधाच्या दातांचे. मेणात केसाएवढी रेघ कोरणारी त्यांची बोटं तिथे लाकडाची होत. डावा हात उजव्याचं ऐकेना, उजवा कुणाचंच ऐकेना. मुलं चौथ्या धड्यावर पोचली तरी दातवाले आपले पहिल्यावरच.

एका संध्याकाळी घरी सराव करताना चुकून एक बटण दाबलं गेलं आणि यंत्रात भरून ठेवलेली तयार धून सुरू झाली. तबला काय, व्हायोलिन काय, नुसती बहार! बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो! हे तुम्ही?"

तिचे डोळे असे काही चमकत होते की दातवाल्यांना लग्नाचे दिवस आठवले. बोटं अजून कीबोर्डवरच होती. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. ते म्हणाले, "जमतंय हळूहळू."

"आणि तो तबला?"

"तो... आतूनच येतो. डाव्या हाताने."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण तो गोटा लगेच बसत नाही. मध्ये बरेच दिवस कौतुक मिळतं. रोज संध्याकाळी दातवाले बटण दाबत आणि धुनीवर बोटं नाचवत. खरा सराव बंदच पडला. बायको बोळातून मान डोलवायची, शेजारणींना बोलवून ऐकवायची. दातवाल्यांना जेवण गोड लागेना. आज सांगू, उद्या सांगू, असं मनाशी चाललेलं असतानाच तिने जाहीर केलं, "रविवारी भावाला बोलावलंय. ऐकू दे जरा."

शनिवारी दातवाले वर्गात बसले होते. लहान स्टुलावर, गुडघे छातीशी. पहिला धडा. तिसऱ्या स्वराला बोट घसरलं.

"काका, परत," बाई म्हणाल्या.

परत घसरलं. शेजारची दोन वेण्यांची मुलगी कळवळून म्हणाली, "आजोबा, हे तर मला पहिल्याच दिवशी आलं होतं."

वर्ग खिदळला. दातवाले कसनुसं हसले, वर पाहिलं, आणि दारात बायको उभी. अंगावर इस्त्रीची साडी. उद्यासाठी बाईंनाही आमंत्रण द्यायला ती आली होती.

"या ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही कोणाच्या आजी?"

"मी यांच्या घरची."

"बरं झालं भेटलात! यांच्याकडून घरी जरा सराव करून घ्या हो. अजिबात करत नाहीत."

बायकोने दातवाल्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. घेते." आमंत्रणाचं काही बोलली नाही. दातवाल्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण दुकानाच्या माडीवर धरणी तरी कुठून येणार!

घरी जाताना ती एकच पाऊल पुढे चालत होती. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. औषधाच्या दुकानाशी थांबून तिने काहीतरी घेतलं. डोकं दुखत असेल, दातवाल्यांना वाटलं, आणि तेही आपल्यामुळेच.

रविवारी पाहुणे यायच्या आधी ती समोर येऊन बसली. "हात द्या."

त्यांनी दिला. तिने पिशवीतून पांढऱ्या पट्टीची गुंडाळी काढली आणि त्यांच्या धडधाकट बोटाला वेढे द्यायला लागली. नको असलेला माणूस दारात आला तरी 'घरात नाहीत' म्हणायला जिची जीभ वळत नसे, ती ही बाई. तिने घट्ट गाठ मारली. दातवाल्यांना तिच्याकडे बघवेना.

"दिव्यावर भाजलं," तिने भावाला सांगितलं. "चांगलंच."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "अरेरे! मी खास ऐकायला आलो होतो. शेजारच्या ताई जिन्यातच सांगत होत्या, काय हात आहे म्हणे! मीच मूर्खासारखा बोललो होतो. भावोजी, माफ करा मला." आणि त्याने तो पट्टीचा हात दोन्ही हातांत अलगद धरला.

दातवाल्यांनी मान हलवली. आपण आत्ता सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण आता सांगितलं तर खोटी तीही पडणार होती. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

पाहुणे गेल्यावर ते दातांनी गाठ सोडायला लागले.

"राहू द्या दोन दिवस," ती म्हणाली. "शेजारी विचारतील."

"माफ कर गं. मला लाज वाटते."

"मलाही वाटते."

"उद्या तुझं मशीन परत इथे आणतो."

ती स्टूल ओढून कीबोर्डशेजारी बसली. "वाजवा. जे येतं ते."

"पहिला धडाच येतो. तोही पुरता नाही."

"तोच वाजवा."

दातवाले बसले. पट्टीचं बोट बाजूला ठेवून त्यांनी हात उचलला.

"थांबा," ती म्हणाली, आणि उठून तिने खिडकी लावून घेतली.