पाशाभाईंची 'असई' आणि माझे दोन हात

पाशाभाईंच्या युद्धनौकेचं उजवं चाक मी बंद पाडलं. तेही मदत करताना.

मला कुणी मदत मागितली नव्हती. पाशाभाई दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले होते आणि मला म्हणाले होते, बसा जरा. बसायचंच काम होतं. पण समोर साडेतीन फुटांचं सागवानी जहाज आणि त्याच्या कुशीला ताटलीएवढं चाक. मी बोट लावून पाहिलं, तर ते लटलट हललं. माझ्या मनात दया उपजली. माझ्या मनात दया उपजली की काहीतरी मोडतं, हे आमच्या घरातल्या भांड्यांनाही ठाऊक आहे. खिशात चष्म्याच्या दांडीसाठी घेतलेली, झटक्यात चिकटवणाऱ्या गोंदाची ट्यूब होती. ती मी चाक आणि आस यांच्या फटीत पिळली. सगळी.

चाक लटलटायचं थांबलं. फिरायचंही थांबलं. माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटून बसले ते वेगळंच.

पाशाभाई आले ते दारातच थांबले. त्यांनी आधी चाक पाहिलं नाही, आधी वास घेतला. बिर्याणीत झुरळ सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग माझ्या चिमटीकडं पाहिलं.

"काय केलं, भाऊसाहेब?"

"लटलटत होतं, म्हणून…"

"त्ये लटलटायलाच पायजे व्हतं."

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि गटारीत थुंकून आले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून नियम झाला: भाऊसाहेबांनी दुकानात यायचं, चहा प्यायचा, पण एरवी दोन्ही हात खिशात. कचेरीत मी चौतीस वर्षं हात न हलवता काढली असं माझी बायको कालिंदी म्हणते. पण खिशात ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

चांदपाशा, म्हणजे आमचे पाशाभाई, मूळचे पिशोर गावचे. बाप बैलगाडीची चाकं करायचा. पाशाभाईही विशीपर्यंत तेच करत होते. मग गाड्यांना रबरी टायर आले आणि लाकडी चाक कुणी विचारेना. पाशाभाई शहरात आले, क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान घेतलं आणि पोट भरण्यासाठी प्लायवूडची कपाटं ठोकू लागले. तीस वर्षं ठोकली. त्या तीस वर्षांबद्दल ते ज्या तोंडानं बोलतात, त्या तोंडानं लोक तुंबलेल्या मोरीबद्दल बोलतात.

एकदा त्यांनी मला मुद्दाम नेऊन एक स्वयंपाकघर दाखवलं, त्यांनीच केलेलं. सिंकखालचं दार उघडलं. आतली प्लायवूडची पाटी पाणी पिऊन ओल्या पावासारखी फुगली होती. तिच्यावर काळी बुरशी, बुरशीवर पांढरी बुरशी, आणि मधून खिळा गंजून लोंबत होता. वासानं मी दोन पावलं मागं सरलो. पाशाभाईंनी दार लावलं आणि म्हणाले, तीस वर्षं लोकांच्या घरात कचरा ठोकला मी, भाऊसाहेब, वरून सनमायका लावून.

आता त्यांचा मुलगा झीशान त्याच कचऱ्याचं, म्हणजे मॉड्युलर किचनचं, शोरूम चालवतो. मुलगा चांगला आहे, हसतमुख आहे, मला काका म्हणतो. पण तो आला की पाशाभाई त्याच्या कपड्यांवरचा भुसा फडक्यानं झटकतात आणि ते फडकं चिमटीत धरून बाहेर टाकतात. झीशानला ते दुकान प्लायवूडच्या पाट्या ठेवायला हवं होतं. तो येताना खिशात मोजपट्टी घेऊन यायचा आणि बापाशी गप्पा मारता मारता भिंत मोजायचा. गप्पा बापाच्या तब्येतीच्या असायच्या आणि आकडे भिंतीचे.

जहाजाचं खूळ मात्र मी घातलं, हेही कबूल करून टाकतो. निवृत्तीनंतर मी इतिहास वाचतो. एकदा मी त्यांना एका जुन्या चित्राची छापील प्रत दाखवली. कंपनी सरकारच्या आरमारातली वाफेवर चालणारी नौका, दोन्ही कुशींना मोठी चाकं, मधे धुराडं, बाजूला तोफा. मुंबईच्या गोदीत बांधलेली, सागवानाची. नाव 'असई'.

"असई? भोकरदनच्या अंगाची?"

मी म्हटलं, तीच. तिथं इंग्रजांनी मराठ्यांना हरवलं, आणि पन्नास वर्षांनी त्या आठवणीत जहाजाला नाव दिलं. पाशाभाईंना अशी शिसारी आली की त्यांनी कागद परत माझ्या मांडीवर ठेवला. आपल्याला जिथं हाणलं त्या गावाचं नाव, तेही आपल्याच सागवानावर, आणि त्या गावात जहाज बुडेल एवढं पाणी तरी हाय का, असं ते बराच वेळ पुटपुटत होते. मला वाटलं, संपला विषय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद परत मागितला.

"चाक बघू द्या," म्हणाले. "ह्ये गाडीचंच चाक हाय. नुसत्या बाहेरून फळ्या ठोकल्यात."

पुढचं दीड वर्ष मी ते जहाज वाढताना पाहिलं. जुन्या दारांच्या चौकटी फोडून काढलेलं सागवान. खिळा नाही, गोंद नाही. फळीत फळी बसवायची आणि लाकडाला लाकूड धरू द्यायचं. बघायला माणसं यायची आणि पाशाभाईंची किळस वाढवून जायची. आमच्या गल्लीतले व्यंकटराव दर आठवड्याला येऊन विचारायचे, याच्यात लाईट लागते का. एका बाईंनी सुचवलं, सोनेरी रंग द्या, टीव्हीवर ठेवायला बरं दिसेल. त्या गेल्यावर पाशाभाईंनी त्या बसल्या होत्या ते स्टूल पुसलं.

चाकं मात्र त्यांनी सगळ्यात शेवटी केली. चाकाच्या मधला गाभा, ज्याला ते तुंबा म्हणतात, तो बाभळीचा लागतो. पिशोरच्या घरी वडिलांच्या हातचा एक फुटका तुंबा राहिला होता. त्यातून दोन छोटे तुंबे निघाले. तिसऱ्यापुरतं लाकूड उरलं नाही. आणि गाडीवानाची सवय म्हणून त्यांनी चाकं आसावर सैल ठेवली. खऱ्या जहाजात दोन्ही चाकं आसाला घट्ट असतात आणि आसच फिरतो, असं मी वाचलं होतं. मी सांगितलंही. पाशाभाई म्हणाले, मग वळताना काय करत असतील, झक मारत असतील. त्यांनी आस पक्का केला, चाकं सुटी ठेवली आणि जहाजाच्या पोटात दोन जुनी चावीची घड्याळं बसवली, एका चाकाला एक.

झीशानला हे सगळं पाहून हसू आलं. तो म्हणाला, अब्बा, लाकडाचं चाक पाण्यात फुगणार आणि जाम होणार, मी प्लास्टिकचं छापून आणून देतो. मी तिथंच होतो. पाशाभाईंच्या ओठांचा कोपरा खाली गेला. मग पैजच लागली. जहाज तासभर हौदात ठेवायचं, मग चावी द्यायची. चाक फिरलं तर दुकान पाशाभाईंचं, जन्मभर, आणि झीशाननं मोजपट्टी घरी ठेवून यायचं. नाही फिरलं तर दुकान रिकामं करून पाट्यांना द्यायचं. म्हणजे ज्या पाट्यांच्या वासानं या माणसाला मळमळतं, त्या त्याच्या रंधा-पटाशीच्या जागी येऊन उभ्या राहणार.

आणि हे ठरल्यावर चार दिवसांनी मी गोंद ओतला.

पैजेचा दिवस बदलता येत नव्हता. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो, आणि भाभींनी, म्हणजे पाशाभाईंच्या बायकोनं, जैतुनबींनी, गोल हौद भरून जहाजाला द्यायचं कबूल केलं होतं ते फक्त त्याच रविवारी. अट अशी की नंतर त्याच पाण्यात चादरी धुवायच्या, तेव्हा तेला-वंगणाचा थेंब पडता कामा नये. वंगणाशिवाय गाडीचं चाक, हे पाशाभाईंच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. पण भाभींसमोर घराण्याचं काही चालत नाही.

गोंद सोडवायचा उपाय त्यांच्या सुनेनं, रुक्सारनं दिला. नखांचा रंग पुसायची बाटली. पाशाभाईंनी नाकाला रुमाल बांधला, मान दुसरीकडं केली आणि कापसाच्या बोळ्यानं तो उग्र वासाचा द्रव चाकाला लावू लागले. आयुष्यभर केमिकलचा तिटकारा केलेला माणूस, आणि बापाच्या बाभळीवर नेलपॉलिशचं पाणी चोळतोय. मी खिशात हात घालून बघत होतो. मला माझीच किळस आली. दोन दिवसांनी चाक निघालं, पण तुंब्याच्या भोकात पांढरी खरपुडी बसली होती. ती बारीक कानशीनं खरवडताना भोक मोठं झालं. चाक परत बसवलं तेव्हा ते लटलटत नव्हतं, नाचत होतं. पाशाभाईंनी ते एकदा हलवून पाहिलं आणि त्यावर फडकं टाकलं.

रविवारी सकाळी हौदाभोवती घरचे जमले. झीशानच्या खिशात मोजपट्टी फुगलेली दिसत होती. पाशाभाईंनी 'असई' पाण्यावर ठेवली. ती डुलली, सरळ झाली आणि चाकं तुंब्यापर्यंत बुडवून तरंगत राहिली. धुराडं, तोफा, सागवानाचा तो रंग. व्यंकटरावही कुठूनसे आले आणि लाईट कुठं आहे विचारून गेले. तासभर सगळे हौदाच्या कडेनं बसून राहिले. पाशाभाई पाण्याकडं बघत नव्हते, दुकानाच्या दाराकडं बघत होते.

तास झाला. त्यांनी आधी डाव्या चाकाला चावी दिली. हे त्यांच्या मापाचं, त्यांच्या हिशेबाचं चाक, त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. आतून घड्याळ कुरकुरलं. चाक हललं नाही. बाभळीनं पाणी पिऊन आस घट्ट धरला होता, आणि वंगण नव्हतं. झीशाननं खाली पाहिलं. त्याला हसू आलं नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

मग पाशाभाईंनी उजव्या चाकाला चावी दिली. ते नाचरं, खरवडलेलं, नेलपॉलिशनं न्हालेलं चाक टकटक करत फिरू लागलं. फुगायला त्याला जागाच जागा होती. फळ्या पाण्यावर आपटू लागल्या आणि 'असई' निघाली. एकाच चाकावर ती सरळ कशी जाणार. ती गोल गोल फिरू लागली, आणि हौदही गोलच असल्यामुळं कुठं धडकली नाही. दुसरा फेरा, तिसरा फेरा. बैलगाडी कच्च्या रस्त्यानं येते तसा आवाज. भाभींनी पदर तोंडाला लावला.

"अब्बा," झीशान म्हणाला, "एक ही घूमा."

"शर्त में दो बोला था क्या?"

झीशाननं आणखी एक फेरा मोजला. मग त्यानं खिशातली मोजपट्टी काढली आणि बापाच्या हातात दिली. पाशाभाईंनी ती घेतली, तिच्यावरचा भुसा फुंकला, नाक मुरडलं आणि स्वतःच्या खिशात टाकली.

मला राहवलं नाही. दोन्ही हात बाहेर काढून मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "पाशाभाई, म्हणजे माझा हात लागला तेच चाक चाललं. डावंही दिलं असतं माझ्याकडं, तर जहाज सरळ गेलं असतं."

पाशाभाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"हात खिशात."