भिंतीमागची माती

आमच्या गावाबाहेर लाकडाला औषध पाजायचा कारखाना होता. आलापल्लीकडून लाकडाचे ट्रक यायचे. सागाला काही लागत नाही, पण हलक्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते औषधाच्या टाकीत बुडवून काढत आणि मागच्या आवारात निथळायला रचत. माझे वडील त्या आवारात कामाला होते. संध्याकाळी जेवायला बसले तरी त्यांची नखं हिरवीच दिसायची. आवाराला लागून कामगारांच्या खोल्या होत्या. त्यातल्याच एका खोलीत माझा भाऊ जन्मला आणि थोड्याच महिन्यांत गेला. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत. वडिलांनी त्याला आवाराच्या भिंतीमागे, पळसाखाली पुरलं.

पुढे कारखाना बंद पडला, वडीलही गेले. जागा तशीच ओसाड राहिली. अलीकडे नगरपंचायतीने तिचं काय करायचं हे ठरवायला मी शिकवते त्या शाळेत बैठक बोलावली. मायही हट्टाने माझ्यासोबत आली.

कोणी म्हणालं, आठवडी बाजार हलवा. कोणी म्हणालं, पोरांना मैदान करा. नागपूरहून आलेली इंजिनिअर मुलगी सगळ्यांचं ऐकत होती. मग तिने फळ्यावर नकाशा लावला. मागचं आवार आणि भिंतीपलीकडचा पट्टा त्यावर लाल होता.

"औषधातलं आर्सेनिक इथे खोल उतरलंय," ती म्हणाली. "ही माती उपसून दूर न्यावी लागेल, पक्क्या खड्ड्यात बंद करावी लागेल. मग नवी माती टाकून बाग करता येईल. पण विहीर नको, आणि खायचं काही पिकवायचं नाही."

माय उठून उभी राहिली. "बाई, ते माती कुठी नेता?"

"गावापासून लांब, आजी. का हो?"

"त्यात माहा पोरगा आहे."

वर्गात मागून एक जण मायला हळूच म्हणाला, "बाई, आता काय राह्यलं असंल तिथी?"

"मले माहीत आहे," माय म्हणाली आणि खाली बसली.

बैठक संपल्यावर ती मुलगी आमच्याजवळ आली. तेवढा तुकडा न खोदता वरून सिमेंटने झाकून टाकता येईल का, हे ती बघणार होती. मायने मान हलवली, पण तिच्या मनात दुसरंच होतं.

"आमी तिथल्याच विहिरीचं पाणी पेत होतो, पोरी. अंगावरचं दूध पेत होता तो, पण वरून पाणीबी पाजो मी त्याले. त्यानंच गेला का?"

मी त्या मुलीकडे बघत राहिले. ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने मायचा हात धरला. "आजी, आता ते कोणालाच सांगता येणार नाही."

नंतर कितीतरी दिवस माय भाकरी थापता थापता थांबायची. मी समजावायला गेले की म्हणायची, "तू जाय शाळेत." एका सकाळी न्हाऊन आली आणि म्हणाली, "त्या पोरीले फोन लाव. झाकू नका म्हणाव. आमाले समजलं नाई, विषात निजवलं त्याले. आता काढा."

भिंतीमागे मशीन चालणार त्या दिवशी त्या मुलीने आम्हाला बोलावलं. पळसाच्या बुंध्याजवळचं काम तिने आधी माणसांकडून फावड्यांनी करून घेतलं. मजुरांनी हातमोजे, तोंडाला मास्क घातले होते. आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं. माती निघाली, नुसती माती. मायने मातीला हात लावू द्या म्हटलं, तेव्हा ती मुलगी रडायला लागली, पण तिने लावू दिला नाही. ताडपत्री बांधलेला ट्रक निघाला तशी माय त्याच्यामागे फाटकापर्यंत चालत गेली.

आता तिथे बाग आहे. सिमेंटची बाकं आहेत, बांबूची रोपं आहेत, संध्याकाळी लोक फिरतात. माय कधी गेली नाही. माती नेली ती जागा मात्र तिला बघायची होती, म्हणून मी ऑटो केला. तिथे तारेचं कुंपण होतं, आत गवताने झाकलेला उंचवटा. चौकीदाराने आत सोडलं नाही. माय तारेला धरून उभी राहिली.

"मोठी जागा आहे," ती म्हणाली. "कोणीकडे असंल वं तो?"

ऊन चढत होतं. मी तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो.