पिवळी पडणारी काच

आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, पण मधुरा सध्या ज्या लेपावर काम करतेय, तो मी पूर्वीच करून पाहिला होता आणि तो फसला होता.

सोलर पॅनलच्या काचेवर धूळ बसू नये म्हणून द्यायचा हा लेप. आज प्रयोगशाळेच्या दारातून ती दिसली. लेप दिलेली काच उजेडात धरून, मान तिरपी करून बघत होती, स्वतःशीच हसत. दमट हवेत ही काच हळूहळू पिवळी पडते, हे तिला अजून माहीत नाही. तिची नोकरी कायम होणं याच कामावर अवलंबून आहे.

आमच्या कंपनीत पेटंट मिळालं की भिंतीवर पितळी पाटी लागते, पेढे वाटले जातात. फसलेल्या प्रयोगाचं मात्र कुणी नावही काढत नाही. मीही काढलं नाही; तेव्हा बढती जवळ आली होती. कुठली वाट पुढे बंद आहे हे कळणं, हासुद्धा शोधच की. पण तो आम्ही ज्याचा त्यानं पोटात ठेवतो, आणि मागून येणारा त्याच वाटेवर नव्यानं दमतो.

परवा डबा खाताना तिनं विचारलंही, "सर, हे आधी कुणी करून पाहिलंय का हो?"

"नसावं," मी म्हणालो.

"मग पेढे माझ्याकडून. तुम्हाला अर्धाच, शुगर आहे ना तुम्हाला."

सगळे हसले, मीही हसलो.

आज दारातूनच परत फिरलो. मी केलेला प्रयोग फसला होता, एवढं तिला सांगण्याचं देणं मी अजून लागतो.