फाटक बंद झाल्यानंतर

आमच्या गावचं रेल्वे फाटक कायमचं बंद झालं त्या दिवशी ग्रामपंचायतीने पेढे वाटले होते. मी तिथे ग्रामसेविका होते. समुद्रपूर तालुक्यातून वर्षापूर्वी बदली होऊन आले होते. राहायला हिंगणघाटला, रोज स्कूटीने ये-जा. गाव रुळांच्या एका अंगाला आणि बहुतेकांची वावरं दुसऱ्या अंगाला. मालगाड्या एकामागे एक जात राहायच्या आणि बैलबंड्या, अल्लीपूरच्या बाजाराला निघालेले ऑटो, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळे त्या लाल-पांढऱ्या दांड्याआड तिष्ठत. यापायी गेटमनला गावाने दोनदा झोडपलं होतं. एकदा तर त्याची केबिन पेटवायला माणसं रॉकेल घेऊन गेली होती. म्हणून रुळांखालून बोगदा होणार हे कळलं तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. गेटमनलाही वाटलं असेल.

बोगद्यासाठी शाळेत एक बैठक झाली होती. रेल्वेचा इंजिनिअर आला होता. तिशीतला, बिहारकडचा, हिंदी बोलणारा, अंगाने काटकुळा. बोगदा रेल्वे बांधणार आणि पुढची देखभाल ग्रामपंचायत करणार, असं ठरत होतं. आमच्या सरपंच बौद्ध वस्तीतल्या. निवडून येईपर्यंत आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेलेल्या. त्यांनी एकच विचारलं.

"साहेब, पाणी भरलं त काढन कोण?"

"पानी नहीं भरेगा, ताई. और भरा तो मिलके देख लेंगे."

"मिलके म्हंजे कोण कोण?"

इंजिनिअर हसला, त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही हसले. सह्या झाल्या.

पाणी पहिल्याच पावसाळ्यात भरलं. बाजूचा नाला फुगला की उलटा बोगद्यात शिरायचा. मोटर बसवायची तर विजेचा खांब रेल्वेच्या हद्दीत रोवावा लागे आणि तशी परवानगी पंचायतीला नव्हती. पाणी नाल्यात सोडायला चर खणायचा तर नाला गावाचा, तिथे रेल्वेला हात घालता येत नव्हता. मी त्यांना पत्र लिहायचे, ते मला लिहायचे. दोघांचीही भाषा सभ्य होती. बोगद्यात गळ्याएवढं पाणी आणि वर रूळ मोकळे. लोक रूळ ओलांडून वावरात जाऊ लागले.

सरपंच रोज मला विचारत. मी म्हणायचे, वर कळवलंय. त्या म्हणायच्या, "वर म्हंजे दिल्लीले का वर्ध्याले?" मी पुन्हा एक पत्र लिहायचे.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. सकाळच्या कामाला बायांचा घोळका निघाला. डोक्यावर डबे, हातात विळे. अलीकडच्या लाइनवरून मालगाडी जात होती. ती संपायची वाट पाहत बाया गप्पा मारत उभ्या होत्या. शेवटचा डबा गेला तशा त्या निघाल्या. मालगाडीच्या धडधडाटात पलीकडच्या लाइनवरची एक्स्प्रेस कोणालाच ऐकू आली नव्हती. मी पंचायतीत होते. लांबलचक भोंगा ऐकला. तो थांबेचना. मग माणसं पळताना दिसली आणि मीही पळाले.

सरपंचांची धाकटी जाऊ सगळ्यात पुढे होती. जे पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. गाडीने तिला बरंच अंतर ओढत नेलं होतं. तिची एक चप्पल गिट्टीत सरळ उभी राहिली होती. डब्यातलं वरण रुळाच्या कडेला सांडलं होतं आणि त्यात रक्त मिसळत होतं. दुसऱ्या एका बाईच्या खांद्याला इंजिनाचा मार लागला होता. ती बसून ओकत होती. सरपंच आल्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि जावेच्या उरलेल्या देहावर टाकला. दुपट्टा पुरला नाही. तेव्हा कोणीतरी बैलाच्या पाठीवरचं पोतं आणून दिलं.

तिचा नवरा, म्हणजे सरपंचांचा दीर, वावरातून आला. तो रडला नाही. बायकोपाशी उकिडवा बसला आणि पोत्याची कड सारखी करत राहिला. थोड्या वेळाने उठला आणि जाऊन रुळावर बसला. त्याच्यामागे सगळं गाव बसलं. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या.

इंजिनिअर रूळ दुरुस्त करणारे दोन गँगमन घेऊन आला. त्याने न येता पोलिसांची वाट पाहिली असती तरी चाललं असतं. पण तो आला. त्याने हात जोडले. चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "देखिए, बहुत गलत हुआ है. पहले बॉडी हटाने दीजिए, लाइन क्लियर करनी है."

लाइन क्लियर हे शब्द लोकांमध्ये मागेपर्यंत गेले. मी अगदी जवळ उभी होते. काय होणार ते मला आधीच दिसलं. दिराने गँगमनच्या हातातली कुदळ हिसकली आणि दांड्याच्या बाजूने इंजिनिअरच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा. दुसरा घाव डोक्यावर बसला. इंजिनिअर गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. गँगमन पळाले. एकाला बाभळीखाली गाठून लोकांनी लाथांनी तुडवलं. बाकीच्यांनी गिट्टी उचलली. रुळांमध्ये गिट्टी किती असते, आणि ती हाताला किती बरोबर बसते, हे मी त्या दिवशी पाहिलं. शिक्षित माणसं, ज्यांच्या पोरांचे दाखले मी काढून दिले होते, ज्यांच्या घरी चहा प्यायले होते, ती पडलेल्या माणसावर दगड मारत होती आणि प्रत्येक दगडाबरोबर त्यांच्या तोंडून हुंकार निघत होता.

मी मध्ये गेले. धाडसाने गेले असं म्हणवत नाही, पाय निघाले एवढंच. एक गिट्टी जबड्यावर बसली. तोंडात काहीतरी कडक फिरू लागलं. थुंकलं तर माझीच दाढ होती.

तेवढ्यात सरपंच इंजिनिअरच्या अंगावर पालथ्या पडल्या. त्यांच्या पाठीत दोनतीन दगड बसले तेव्हा कुठे लोक थांबले. दीर कुदळ धरून समोरच उभा होता.

"बाजूले हो, वहिनी."

"नाई होत."

"तुही कोण लागत होती ते? माही बायको गेली."

"माही जाऊ गेली. तिच्या लग्नात हळद मी लावली होती. मारायचा हक्क मलेही हाये, भाऊजी. मी मारलं का याले?"

त्या हळू बोलत होत्या. खालून इंजिनिअरचं रक्त त्यांच्या पोलक्यात झिरपत होतं. दिराने कुदळ टाकली नाही, पण उचललीही नाही. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. पोलिसांच्या गाड्या आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: रक्ताने माखलेला सरकारी माणूस आणि त्याच्याभोवती जमाव. लाठ्या सुरू झाल्या. लोक पळाले ते उतारावरून बोगद्याच्या पाण्यात. बाया, म्हातारे, सगळे त्या गढूळ पाण्यात गळ्यापर्यंत. जो काठावर चढेल त्याच्या बोटांवर, डोक्यावर लाठी. एका म्हाताऱ्याच्या नडगीचं हाड कातडीबाहेर आलं. सरपंच अजून तिथेच बसल्या होत्या. "हा जिता हाये, याले आधी न्या," असं सांगायला त्यांनी हात वर केला आणि त्या वर केलेल्या हातावरच लाठी बसली. मनगट मोडलं. दुसऱ्या हाताने त्या इंजिनिअरकडे दाखवत राहिल्या.

अंत्यविधीला वस्तीतले निम्मे पुरुष नव्हते. पोलिसांच्या भीतीने तुरीत लपले होते. बायांनीच पंचशील म्हटलं, बायांनीच खांदा दिला. दिराला दोन शिपाई घेऊन आले, अग्नी देऊ दिला आणि परत घेऊन गेले.

तालुक्याच्या दवाखान्यात मी आणि सरपंच शेजारच्या खाटांवर होतो. इंजिनिअरला टाके घालून पुढे नागपूरला हलवलं होतं. पोलीस अधिकारी माझा जबाब घ्यायला आले. कुदळ कोणाच्या हातात होती, त्यांनी विचारलं. जबडा बांधलेला होता. मी हळूहळू सांगितलं. जे पाहिलं तेच. शेजारच्या खाटेवर सरपंच डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होत्या. अधिकारी गेले.

"बरोबर सांगतलं तुम्ही," त्या म्हणाल्या.

"ताई, तो तुमचा दीर आहे."

"हाये ना. मले मालूम नाई का. म्हणूनच म्हणलं, बरोबर सांगतलं. आता झोपा."

मी झोपले नाही. त्याही झोपल्या नाहीत.

गावाने मात्र ते बरोबर मानलं नाही. मी पुन्हा कामावर गेले तेव्हा कोणी बस म्हणालं नाही. स्कूटीची सीट ब्लेडने चिरलेली सापडली. पुढच्या आठवड्यात टायर कापले. एकदा मी दप्तर उघडून बसले असताना एक माणूस आत आला, टेबलावर थुंकला आणि शांतपणे निघून गेला. सरपंचांच्या घरावर दगड पडले, तेही त्यांच्याच वस्तीतून. रेल्वेवाल्याले वाचवलं, घरच्याले नाई, असं लोक म्हणत. त्यांच्या दाराची फळी फुटली ती त्यांनी बरेच दिवस तशीच ठेवली.

मग वर्ध्याला जिल्ह्याच्या कचेरीत दोन्ही बाजूंना बोलावलं. लांब टेबल, एका बाजूला रेल्वेचे मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला आम्ही. सरपंचांचा हात प्लास्टरमध्ये, माझा गाल अजून सुजलेला. इंजिनिअर आला होता. त्याला यायची गरज नव्हती, पण 'जागा मला माहीत आहे' म्हणत तो हट्टाने आला, असं नंतर कळलं. डोकं भादरलेलं, टाक्यांची रेघ कानापर्यंत, एक हात गळ्यात बांधलेला. तो सरपंचांच्या समोर बसला आणि दोघांनीही मान हलवली, एवढंच.

मोठ्या साहेबांनी कायदा हातात घेणाऱ्यांविषयी बोलायला सुरुवात केली. सरपंचांनी ऐकून घेतलं.

"साहेब, ते कोर्टात चालू हाये. तिथं जे व्हायचं ते होईन. इथं नाल्याचं बोला."

मग इंजिनिअरने चांगल्या हाताने कागद ओढला आणि त्यावर नाला काढला, बोगदा काढला. "खंभा और मोटर हम लगाते हैं," तो आपल्या साहेबांकडे न बघता म्हणाला. "बिजली और चलाने वाला आदमी पंचायत का. नाली आप खोदिए, हमारी जमीन से, हमारे गँगमन साथ में रहेंगे." मोठे साहेब म्हणाले, हे वर विचारावं लागेल. जिल्ह्याच्या अधिकारी बाई म्हणाल्या, विचारा, फोन इथेच आहे. परवानगी त्या खोलीतच मिळाली. पावसाळाभर आमची पत्रं जे मागत होती ते एका दुपारी झालं. घरी जाताना एसटीत मला इतका राग आला की समोरच्या सीटचा दांडा मी घट्ट धरून बसले. मेलेल्या बाईचं नाव त्या खोलीत एकदाही निघालं नव्हतं.

चर खणायला गावाची माणसं आणि गँगमन एकत्र उतरले. तुडवलेला गँगमनही होता, तो वाकताना बरगडीला हात लावायचा. दुसऱ्या दिवशी फावडं लागल्यावरून एक गावकरी आणि एक गँगमन एकमेकांच्या अंगावर गेले. दोघांच्या हातात लोखंड होतं. इंजिनिअर एका बाजूने धावला आणि सरपंच दुसऱ्या. दोघांकडे मिळून दोनच धड हात होते. त्या दोन हातांनी त्यांनी भांडणाऱ्यांना सोडवलं. फावड्याचं पातं इंजिनिअरच्या पोटरीला लागलं. त्याने रुमाल बांधला आणि म्हणाला, "चलो, काम करो."

मोटर बसली. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, घोट्याच्या वर गेलं नाही. एकदा मोटर जळली तेव्हा रेल्वेने दोन दिवसांत बदलून दिली. एकदा वीज तोडली गेली तेव्हा सरपंच स्वतः विजेच्या कार्यालयात जाऊन बसल्या. सुरळीत चाललं असं मी म्हणणार नाही, पण चाललं.

कोर्टात इंजिनिअरने दिराकडे बोट दाखवलं. मीही दाखवलं. सरपंचांना साक्षीला बोलावलं तेव्हा त्यांनीही, विचारलं तेवढं, खरं सांगितलं. दिराला शिक्षा झाली. लाठ्या मारणाऱ्यांची चौकशी झाली म्हणतात. त्या चौकशीचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्या म्हाताऱ्याचा पाय कायमचा आखूड राहिला.

शिक्षा भोगून दीर परत आला तेव्हा माझी बदली व्हायची होती. एका दुपारी तो पंचायतीत आला. केस पांढरे झाले होते. बायकोच्या मृत्यूचा दाखला त्याने कधी नेलाच नव्हता. मी काढून दिला. तो उभ्यानेच वाचत राहिला. त्याला फारसं वाचता येत नव्हतं, तरी.

"बसा," मी म्हटलं.

तो बसला. पाणी प्याला.

"मॅडम, मले त्या साहेबाचा राग नवता," तो म्हणाला. "कोनाचा होता ते दिसतच नवतं ना. दिसला त्याले मारलं."

माझा जबडा थंडीत अजून दुखतो, तो तेव्हाही दुखत होता. त्याने दाखला घडी घालून खिशात ठेवला, ग्लास उपडा करून ठेवला आणि येतो म्हणून गेला.